जुन्या फोर बाय फोरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स "गेला" म्हणण्याआधी काय काय बघायचं

जुनी ऑटोमॅटिक फोर बाय फोर घेतली की कधी ना कधी एक वाक्य ऐकायला मिळतंच, "साहेब, गिअरबॉक्स गेलाय." मेकॅनिकने गाडी एक चक्कर मारून आणलेली असते, बॉनेटपण नीट उघडलेलं नसतं, आणि आकडा मात्र लाखातला तयार असतो. आपण घाबरतो, कारण ऑटोमॅटिकच्या आत काय चालतं ते आपल्याला कळत नाही आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा समोरच्यालाही नीट माहीत नसतं. म्हणून हे लिहितोय. यातलं निम्मं काम घरच्या पार्किंगमधे होतं, उरलेल्यासाठी एक बरा स्कॅनर आणि एक शांत रस्ता लागतो.

उदाहरण म्हणून एकच गिअरबॉक्स धरतो, मर्सिडीजचा ७२२.६, पाच स्पीडचा, १९९६ च्या आसपास आलेला. धरतो अशासाठी की २०१२ मधे महिंद्राने आणलेल्या आणि चाकणला जुळवल्या गेलेल्या रेक्स्टनच्या आरएक्स७ मधे हाच आहे, मर्सिडीजच्या पहिल्या एमएल मधे हाच, आणि जीप ग्रँड चेरोकीच्या काही जुन्या डिझेलमधेही हाच. बॉक्स एकच असल्याने बहुतेक माहिती सगळ्यांना चालते. तुमचा बॉक्स दुसरा असेल तर आकडे आणि नावं बदलतील, तपासायचा क्रम साधारण हाच.

सगळ्यात आधी एक वही घ्या, मोबाईलमधे लिहिलं तरी चालेल. गाडी नक्की काय करते ते लिहायचं. "गिअर नीट पडत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. झटका बसतो का, म्हणजे गिअर बदलताना मागून कुणी ढकलल्यासारखं? का स्लिप होते, म्हणजे आरपीएम एकदम वर जातात आणि गाडी तिथेच? का थरथर येते, रस्त्यावर त्या बारीक पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या असतात ना त्यावरून चाललोय अशी? ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि तिघांची औषधं वेगळी. सोबत लिहायचं की गाडी थंड असताना होतं का अर्धा तास चालल्यावर, कितव्या गिअरला, किती स्पीडला, पाय किती दाबलेला होता, आणि नॉब २एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) वर होता का ४एच (चारही चाकांना) वर. आठवडाभर असं लिहिलंत की अर्धं निदान तिथेच होतं, खोटं नाही सांगत.

आणि हो, हसू नका, पण आधी गिअर लिव्हरजवळचं डब्ल्यू आणि एस चं बटण बघा. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्यात गाडी दुसऱ्या गिअरला उचलते, बर्फावर चाक फिरू नये म्हणून. आपल्याकडे बर्फ कुठला, पण धुताना पुसताना ते बटण दाबलं जातं आणि मग "पिकअप गेला, बॉक्स स्लिप मारतो" म्हणून लोक गाडी घेऊन फिरत असतात.

आता गिअरबॉक्सच्या बाहेरच्या गोष्टी. फोर बाय फोरमधे इंजिन आणि चाकांच्या मधे साध्या गाडीपेक्षा जास्त सामान असतं, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा डबा), दोन प्रोपेलर शाफ्ट, दोन डिफरन्शियल, आणि यातलं काहीही ढिलं झालं की झटका सीटला सारखाच लागतो. पी (पार्क) वरून डी (ड्राइव्ह) टाकल्यावर खालून "टक्" आवाज येतो ना, तो बऱ्याचदा शाफ्टच्या क्रॉसचा किंवा सुकलेल्या स्लिप जॉइंटचा असतो. सपाट जागी चाकांना पुढे मागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद, लिव्हर एन (न्यूट्रल) मधे, आणि खाली वाकून शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून बघा. क्रॉसमधे खेळ असेल तर हाताला कळतो. ग्रीस मारून फरक पडला तर तुमचे लाख वाचले. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंगपण तेव्हाच बघून घ्या, रबर फाटलं असेल तर डी वरून आर टाकताना अख्खं इंजिन उडी मारताना दिसतं, एकाला ब्रेक दाबून लिव्हर हलवायला बसवायचं आणि आपण बाजूला उभं राहून बघायचं, समोर नाही, बाजूला.

गाडीखाली जायच्या आधी हे वाचाच. ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल आणि तो न्यूट्रलला असेल, किंवा ४एल (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) ला जाताना अर्धवट अडकला असेल, तर पी टाकूनही गाडी थांबून राहत नाही. पी फक्त गिअरबॉक्सचा आउटपुट अडवतो, त्यापुढची साखळीच सुटलेली असेल तर गाडी खुशाल घरंगळते. हँडब्रेक ओढायचा, ठोकळे लावायचे, आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जायचं नाही, घोडी (जॅक स्टँड) लावायची.

टायर. हा माझा स्वतःचा गाढवपणा आहे म्हणून सांगतो. मागचे दोन नवीन टाकले, पुढचे गुळगुळीत तसेच ठेवले, पैसे वाचवले म्हणून खूश. पावसात ताम्हिणीला ४एच टाकून गेलो आणि प्रत्येक वळणावर गाडी अडखळायची, धक्के द्यायची, मला वाटलं गिअरबॉक्स संपला. पुढच्या मागच्या टायरचा घेर वेगळा असला की पार्ट टाइम फोर बाय फोरमधे (जिथे पुढची चाकं गरजेपुरतीच जोडतात) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात, आणि रस्ता घट्ट असेल तर ते भांडण सुटायला जागाच नसते. डांबरावर ४एच टाकून तीव्र वळण घेतलं तर टायर सारखे असतानाही असंच होतं, तो दोष नाही, ती रचनाच तशी आहे. म्हणून टेस्ट अशी करायची, तोच त्रास २एच मधे सरळ रस्त्यावर येतो का बघा. २एच मधे गायब झाला तर गिअरबॉक्सला सोडा आणि ट्रान्सफर केस, पुढचे हब, टायर यांच्या मागे लागा.

बॅटरीपण बघा, कारण या बॉक्सचा कॉम्प्युटर व्होल्टेजच्या बाबतीत नाजूक आहे. रात्रभर उभ्या गाडीला १२.४ च्या खाली आणि चालू इंजिनला १३.८ च्या खाली व्होल्ट दिसत असतील तर आधी बॅटरी अल्टरनेटर सरळ करा, मग पुढचं बोलू. डिझेलचा टर्बो होज फाटला असेल, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरला असेल तरी इंजिनला दम राहत नाही आणि गिअर उशिरा पडतात, तेही गिअरबॉक्सच्या नावावर खपतं.

आता ऑइल, आणि इथे थोडा वेळ द्यायचा, घाई नको. ७२२.६ ला डिपस्टिक नसते. म्हणजे नळी असते, तिला टोपी असते, टोपीला लॉक असतं, पण आत काडीच नाही, कारण सुरुवातीला कंपनीने हे ऑइल आयुष्यभराचं म्हणून सांगितलं होतं. नंतर कंपनीनेच बदलायचं वेळापत्रक दिलं ते वेगळं. तर या आयुष्यभराच्या नादात दहा बारा वर्षं जुन्या गाडीत अजून पहिलंच ऑइल असणं शक्य आहे. मोजायची काडी वेगळी विकत मिळते, वर्कशॉपची. तिच्यावर दोन पट्टे असतात, एक २५ अंशांचा आणि एक ८० अंशांचा, आणि खरं माप ८० चंच धरायचं. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर पी मधे, ऑइल चांगलं तापलेलं. इंजिन बंद करून मोजलंत तर लेव्हल खूप वर दिसेल आणि तुम्ही खूश होऊन घरी जाल. ऑइलचं तापमान स्कॅनरवर दिसतं, पण एक गंमत आहे, या बॉक्समधे टेम्परेचर सेन्सर आणि पी/एन चा कॉन्टॅक्ट एकाच सर्किटमधे आहेत, त्यामुळे पी मधे असताना खरं ऑइल टेम्परेचर वाचलंच जात नाही. ब्रेक दाबून क्षणभर डी टाका, आकडा वाचा, परत पी, मग काडी घाला.

कमी असेल तर स्लिप आणि उशिरा गिअर, जास्त असेल तर ऑइल घुसळून फेस होतो आणि परत स्लिपच, म्हणून "थोडं जास्त घातलेलं बरं" हे इथे चालत नाही. काडीवरचा थेंब पांढऱ्या टिशूवर टाका. लालसर तपकिरी ठीक. काळं आणि जळकट वास म्हणजे क्लच भाजलेत. आणि गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद, टो करून न्या, कारण रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समधे शिरलंय. कूलंटने क्लचचं लायनिंग सुटतं, आणि चालवत राहिलात तर मग मेकॅनिकचं ते पहिलं वाक्य खरं होतं.

ऑइल कुठलं घालायचं यावर वाद घालू नका, डब्यावर मर्सिडीजचं २३६.१० किंवा त्याच्या पुढचं २३६.१४ अप्रूव्हल लिहिलेलं बघा. "लाल असतं ते एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल)" हा हिशोब इथे चालत नाही. पॅन खोलून काढलं तर साधारण निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमधे (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) बसलेलं असतं, काही कन्व्हर्टरला ड्रेन बोल्ट असतो, तो आहे का बघा, नसेल तर काही हजार किमीनंतर परत एकदा तेच करा. पॅनमधल्या मॅग्नेटवर करड्या रंगाची मऊ पेस्ट सापडेल, ती चालते, वयाचा भाग आहे. बोटाला टोचणारे चमकदार तुकडे असतील तर मात्र विषय आतला आहे. मॅग्नेटचा फोटो काढून ठेवा, पुढे गॅरेजवाल्याशी बोलायला कामी येतो.

आता या बॉक्सची सगळ्यात गाजलेली तक्रार. गाडी चांगली चाललेली असते, अचानक गिअर बदलणंच बंद, थांबून परत निघालात तर गाडी एकदम जड उचलते, चाळीस पन्नासच्या पुढे इंजिन बोंबलायला लागतं. हा लिंप मोड. कॉम्प्युटरला काहीतरी पटलं नाही की तो सगळं सोडून देतो आणि पुढे फक्त दुसरा गिअर आणि मागे रिव्हर्स ठेवतो, म्हणजे तुम्ही घरी पोचाल. घाटात झालं तर घाबरू नका, बाजूला घ्या, पी टाका, इंजिन बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. बऱ्याचदा गाडी परत शहाण्यासारखी चालते. पण हे झालं म्हणून विसरून जाऊ नका, फॉल्ट आत नोंदलेला असतो, तो वाचायचा.

इथे स्कॅनरचं सांगतो. तो ब्लूटूथचा स्वस्त डबा असतो ना, तो बहुतेक वेळा इंजिनशीच बोलतो, त्यावर फार तर पी०७०० दिसेल, आणि पी०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय. काय सांगायचंय ते ऐकायला त्याच्याशी बोलणारा स्कॅनर पाहिजे. गॅरेजवाला पी०७०० दाखवून ओव्हरहॉल करू म्हणाला तर गाडी घेऊन बाहेर पडा.

स्कॅनर लावायच्या आधीच एक गोष्ट हाताने बघता येते. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, पॅनच्या जरा वर, एक गोल १३ पिनचा प्लग आहे. तो ज्या प्लॅस्टिकच्या बुशमधे बसतो त्याला दोन ओ रिंग असतात आणि वयाने त्या कडक होतात. मग ऑइल प्लगमधे येतं, आणि पुढचं तर विश्वास बसणार नाही असं, ते वायरच्या आतल्या तारांमधून केशाकर्षणाने वर चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, आणि थेट गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटमधे पोचतं. तिथे पिनांवर ऑइल बसलं की सिग्नल वेडेवाकडे, आणि लिंप मोड. प्लगची फिरकी फिरवून तो बाहेर ओढा, आत ओलं लाल दिसलं तर पुढे कॉम्प्युटरचा प्लगपण उघडून बघा. सफाई कॉन्टॅक्ट क्लीनरने करायची, पेट्रोलने नाही. बुश गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ किमतीचा आहे, एका बोल्टवर बसतो, काढताना थोडं ऑइल गळेल ते नंतर मोजून भरायचं. नात्यातल्या एकांच्या गाडीला एका गॅरेजने बॉक्स खोलायचा सल्ला दिला होता, दीड लाख सांगितले होते, आणि निघाला हा ओला प्लग. मी तेव्हापासून आधी प्लग बघतो, मग माणसाचं ऐकतो.

प्लग कोरडा असेल तर पुढचा संशयित आतली इलेक्ट्रिकल प्लेट, कंडक्टर प्लेट म्हणतात तिला, पॅन काढल्यावर व्हॉल्व्ह बॉडीवर (क्लचना ऑइलचं प्रेशर वाटणारा भाग) बसलेली असते. तिच्यावर दोन स्पीड सेन्सर असतात, एन२ आणि एन३. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामधे दोन्ही लावा आणि शेजारी कुणाला तरी स्क्रीन बघायला बसवा, चालवताना स्वतः बघू नका. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला दोघांचा आकडा सारखा पाहिजे. पहिल्या आणि पाचव्याला एन२ शून्य दाखवतो, ते बरोबरच आहे, तो भाग तेव्हा गिअरबॉक्सच्या आतल्या ब्रेकने धरलेला असतो, त्याला बिघाड समजू नका. दोन, तीन, चार मधे एकाचा आकडा मधेच शून्यावर पडत असेल, विशेषतः गाडी तापल्यावर, आणि सोबत पी०७१५ सारखा इनपुट स्पीडचा कोड असेल तर प्लेट बदलायची. हे काम गाडीखाली पॅन काढून होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. पॅन उघडलाच आहे तर फिल्टर, गॅस्केट आणि वरचा तो १३ पिनचा बुश त्याच वेळी.

सेन्सर ठीक, ऑइल ठीक, वायर ठीक आणि तरी स्लिप, तर मग आतला कुठला क्लच हे शोधायचं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण गाडी स्वतःच उत्तर देते, आपण फक्त कुठले गिअर चालतात ते नीट बघायचं. आत तीन क्लच आहेत, के१, के२, के३, आणि तीन ब्रेक, बी१, बी२, बी३ (चाकांचे नाही, गिअरबॉक्सच्या आतले भाग धरून ठेवणारे). बी३ फक्त रिव्हर्सला लागतो. म्हणजे पुढचे पाचही गिअर मस्त आणि रिव्हर्सलाच स्लिप, तर संशय बी३. के३ रिव्हर्सलाही लागतो आणि पुढे तिसरा सोडून सगळ्यांना लागतो, त्यामुळे रिव्हर्स घट्ट पकडत असेल तर के३ निर्दोष. पहिल्या तीन गिअरला बी२ लागतो, चौथ्या पाचव्याला नाही, म्हणून डी टाकल्यावर गाडी उशिरा पकडते, चढाला सुरुवातीला स्लिप, पण हायवेला लागल्यावर अगदी ताठ, असं चित्र असेल तर बी२ कडे बघा. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना आरपीएम उडत असतील तर तिथे के३ सुटतो आणि के२ पकडतो, के२ ढिला. असा एक एक जण सोडवत जायचं. हे गॅरेजमधे बोलून दाखवलंत की समोरच्याचा सूर लगेच बदलतो, अनुभव आहे.

थरथरीचं वेगळं. साधारण साठ ते ऐंशी दरम्यान, पाय हलका, स्पीड स्थिर, आणि गाडी दोन चार सेकंद थरथरते. हा टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच असतो, स्थिर स्पीडला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा. खात्री करायला त्याच वेळी पाय थोडा जास्त दाबा, लॉकअप सुटतो आणि थरथर लगेच जाते. इंजेक्टरचा मिसिंग असेल तर तो पाय दाबल्यावर उलट वाढतो आणि न्यूट्रलला, खालच्या गिअरलाही जाणवतो. लॉकअपच्या थरथरीवर आधी बरोबर ग्रेडचं ताजं ऑइल, पूर्ण बदललेलं, हा पहिला उपाय, आणि ऑइल जुनं झाल्यामुळे असेल तर त्यानेच जातं. नाही गेली तर कन्व्हर्टर.

घाट आणि चिखल. वरंधा, आंबोली असल्या चढाला गाडी भरून, एसी लावून, पुढच्या गाडीमागे रांगत गेलात तर कन्व्हर्टर सतत स्लिपमधे राहतो आणि ऑइल तापतं. रेडिएटरसमोर चिखल सुकून जाळी बंद झालेली असेल तर अजूनच. तापल्यावरच त्रास, थंड झाल्यावर बरी, असं वहीत लिहिलेलं असेल तर आधी कूलर आणि जाळी पुढून मागून पाण्याने धुवा, जेट प्रेशर जवळून मारू नका, पाकळ्या वाकतात. आणि खडी चिखलातून रांगायचं असेल तर ४एल वापरा, ते त्यासाठीच दिलंय, लोक उगाच ४एच मधे इंजिन रडवत बसतात.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून डी मधे पूर्ण एक्सिलरेटर, ही बऱ्याच ठिकाणी वाचाल. जुन्या बॉक्सला मी करत नाही. पाच सेकंदांच्या वर गेलात तर ऑइल उकळतं, आणि ब्रेक सुटला तर समोरची भिंत जाते. वरच्या गोष्टींनी तेवढंच कळतं.

एवढं करूनही बॉक्स खोलावाच लागला तर गॅरेजला वही, मॅग्नेटचा फोटो आणि स्कॅनरचा रिपोर्ट द्या, आणि तीन गोष्टी आधी बोलून घ्या. काढलेले क्लच आणि जुनी प्लेट मला परत पाहिजेत. ऑइलचे डबे माझ्यासमोर उघडायचे. आणि बसवल्यावर स्कॅनरने अडॅप्टेशन (कॉम्प्युटरने जुन्या क्लचप्रमाणे लावून घेतलेली सवय) रिसेट करून, मला शेजारी बसवून, थंड गाडीपासून गरम होईपर्यंत टेस्ट ड्राइव्ह. रिसेटनंतर पहिले काही दिवस गिअर जरा उग्र पडतील, बॉक्स नवीन क्लचची सवय करून घेत असतो, तेवढ्यात फोन करून भांडू नका.